०.०१ ग्रॅमचा छोटा वजनकाटा: मोलच्या गणितांसाठी काही महिने वापरल्यावर

ठाण्यात वर्तकनगरला घरीच अकरावी सायन्सच्या ट्यूशन घेते. जूनमध्ये बॅच सुरू झाली तेव्हा हा खिशात मावेल असा डिजिटल काटा ऑनलाइन मागवला, २०० ग्रॅमपर्यंतचा, लीस्ट काउंट (म्हणजे दाखवतो तो सगळ्यात लहान फरक) ०.०१ ग्रॅम. पाचशे-सहाशेच्या आसपास मिळतो, असे बरेच मिळतात, बहुतेक सगळे आतून सारखेच असावेत. आता पावसाळा, दिवाळी, पहिली टर्म सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहितेय.

आधी मेन गोष्ट. मोल म्हणजे पदार्थाच्या कणांचा एक ठरलेला मोठा गठ्ठा, डझनसारखा, आणि प्रत्येक पदार्थाच्या एका मोलचं वजन वेगळं. ग्रॅमचे मोल आणि मोलचे ग्रॅम हे मुलांना नववीपासून माहीत असतं, फॉर्म्युला पाठ असतो, पण भागायचं की गुणायचं इथे गाडी अडते, आणि कागदावर चुकीचं उत्तरसुद्धा बरोबर उत्तरासारखंच दिसतं ना, तिथेच सगळा घोळ आहे. काटा समोर असला की तसं होत नाही. मी सांगते, ०.१ मोल मीठ काढ. मिठाचा एक मोल ५८.४४ ग्रॅम. एका मुलीने ०.१ ला ५८.४४ ने भागलं, ०.००१७ ग्रॅम आले, आणि ती चमचा घेऊन काट्यासमोर बसली. काटा ०.०१ च्या खाली दाखवतच नाही! थोडा वेळ ती त्या ०.०० कडे बघत राहिली, मग स्वतःच म्हणाली, "ताई, एक मोल जर ५८ ग्रॅम आहे तर त्याचा दहावा भाग पावणेसहा ग्रॅमच्या आसपास पाहिजे ना?" मी काही बोललेच नव्हते. गुणलं, ५.८४ आलं, मोजलं, वाटीच्या तळाला छोटासा ढीग. त्यानंतर ती आधी अंदाज लिहिते आणि मग गणित करते, आणि मला हेच हवं होतं.

शिवाय एक मोल म्हणजे केवढं हे डोळ्याला दिसतं. पाणी १८ ग्रॅम, मोठा चमचाभर आणि वर थोडंसं. ॲल्युमिनियम फॉइल २.७० ग्रॅम कापून दिली की ०.१ मोल, म्हणजे ६.०२२ × १०^२२ अणू, मुलं ती चुरगळून हातात धरून बसतात. (आता २० मे २०१९ पासून ॲव्होगॅड्रोचा आकडा, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, ६.०२२१४०७६ × १०^२३ असा फिक्सच केलाय, आधी तो १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून ठरायचा, हे फॉइल हातात असतानाच सांगते, तेव्हा ऐकतात.) मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) निळे खडे पण मोजून घेतले, त्यात पाण्याचे पाच रेणू धरले तर ०.१ मोल २४.९७ ग्रॅम, विसरले तर १५.९६, इतका फरक पडतो. मोरचूद विषारी आहे, त्यासाठी वेगळी प्लास्टिकची वाटी ठेवा, स्वयंपाकघरातली अजिबात नको.

पण सगळ्यात जास्त वसूल झाला तो खायच्या सोड्यावर. ८.४० ग्रॅम, बरोबर ०.१ मोल, स्टीलच्या वाटीत घालून तव्यावर मंद गॅसवर ठेवला. थोड्या वेळाने पावडर आपोआप उकळल्यासारखी हलायला लागते, वर गार ताटली धरली की खाली पाण्याचे थेंब. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते, मागे वॉशिंग सोडा उरतो, दोन मोलमागे एक, म्हणजे ०.०५ मोल, म्हणजे ५.३० ग्रॅम उरायला हवा. आमचं पहिलं रीडिंग ५.५२ आलं. मुलं नाराज. परत तापवलं, ५.३४. परत तापवलं, ५.३१, आणि मग हलेनाच. वजन कमी व्हायचं थांबलं म्हणजे रिॲक्शन संपली हे मला शब्दांत सांगावंच लागलं नाही.

आता काट्याचं. सोबत कॅलिब्रेशनचं वजन (काटा बरोबर दाखवतोय का ते तपासायचं ठरलेलं वजन) आलं नाही, वेगळं घ्यावं लागलं, ते जांभळी नाक्याजवळ ओळखीच्या सोनाराकडे नेऊन त्यांच्या काट्यावर तपासून घेतलं. तेही नसेल तर २०११ च्या डिझाइनचं दहाचं नाणं ठेवून बघा, ७.७१ च्या आसपास दाखवलं पाहिजे, झिजलेलं नसेल तर. पंखा बंद करावाच लागतो, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. गरम वाटी ठेवायची नाही, वजन कमी दाखवतो आणि सेन्सरलाही त्रास, पूर्ण गार होऊ द्या. आणि एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते: कण-कण करून टाकलं तर काटा कधीकधी ते मोजतच नाही, त्याला वाटतं झीरो सरकतोय आणि तो आपोआप ॲडजस्ट करून टाकतो. त्यामुळे शेवटचे कण टाकल्यावर वाटी उचलायची आणि परत ठेवायची, तेव्हा खरा आकडा दिसतो. जुलैमध्ये मीठ ओलं होतं तो काही काट्याचा दोष नाही, मी तव्यावर थोडं परतून, गार करून, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवते.

अर्ध्या ग्रॅमच्या खाली मोजायला मी देत नाही. ०.५० ग्रॅमला ०.०१ म्हणजे २ टक्के झाले, ५० ग्रॅमला तेच नगण्य. ५.८५ ग्रॅम मोजून कॅल्क्युलेटरवरचं ०.१००१०२६७ जसंच्या तसं उतरवणाऱ्या मुलांना आता कळतं की काट्याने तीनच आकडे दिलेत, तर उत्तर ०.१०० मोल.

खरी अडचण २०० ग्रॅमची. वाटीचं वजनही त्यातच धरलं जातं. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅम, तो तर विसराच, अर्धा मोलसुद्धा वाटीसकट बसत नाही. व्हिनेगर आणि सोड्याचा प्रयोग पण असाच अडला, ०.१ मोल सोड्याला ४ टक्केवालं व्हिनेगर कमीत कमी १५० ग्रॅम लागतं, वर भांडं, काटा सरळ एरर देतो. सध्या सगळं निम्म्याने करतो, ४.२० ग्रॅम सोडा. तुम्ही नवीन घेणार असाल तर ५०० ग्रॅमवालाच घ्या, फक्त लीस्ट काउंट ०.०१ आहे ना ते ऑर्डर करायच्या आधी बघा, त्यात बरेच ०.१ वाले असतात.