पितळी सेक्स्टंट: घडण देखणी, माप कच्चे

शोभेच्या जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानातून मी गेल्या डिसेंबरात साडेचार हजार रुपयांना पितळी सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची कोनात मोजून समुद्रावर आपला अक्षांश काढण्याचे उपकरण, घेतला. हे चालू उपकरण आहे, असे विक्रेत्याने आवर्जून सांगितले होते, म्हणून त्याच कसोटीवर मी ते तपासले.

शिसवी पेटी सुबक आहे आणि पितळेची झळाळीही छान आहे. आरशांची मूळ योजनाही कारागिराने नीट उतरवली आहे. जॉन हॅडली यांनी 1731 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या ऑक्टंटचे, म्हणजे सेक्स्टंटच्या पूर्वज उपकरणाचे, तत्त्व यात आहे. एक आरसा हलत्या भुजेवर असतो, तर दुसरा चौकटीवर पक्का असून त्याच्या अर्ध्याच भागाला पारा लावलेला असतो. त्यामुळे क्षितिज आणि सूर्याचे प्रतिबिंब एकाच वेळी नजरेत येतात आणि जहाज हेलकावे खात असतानाही एकमेकांपासून सुटत नाहीत. भुजा हळूहळू सरकवताना सूर्याची नारिंगी चकती खाली उतरत येते, तो क्षण खरोखर विलक्षण आहे.

सोबतच्या रंगीत काचांवर मात्र मुळीच विसंबू नये, कारण त्या डोळ्यांना पुरेसे संरक्षण देत नाहीत. मी दुर्बिणीसमोर सूर्यग्रहण पाहण्याची प्रमाणित फिल्म बसवली.

पुण्यात समुद्राचे क्षितिज नसल्यामुळे 21 डिसेंबरला गच्चीवर पसरट ताटलीत काकवी ओतली. वाऱ्याने ती पाण्यासारखी थरथरत नाही. आकाशातला सूर्य आणि काकवीतला सूर्य यांच्यातला कोन सूर्याच्या उंचीच्या दुप्पट असतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास तो सुमारे 96 अंश यायला हवा होता. उपकरणाचा शून्यदोष (कोन शून्य असतानाही दिसणारे माप) वजा करूनही तो 98 अंश आला. त्यावरून काढलेला अक्षांश 17 अंश 34 मिनिटे, म्हणजे पुण्यात उभे राहून मी साताऱ्याच्याही दक्षिणेला पोहोचलो होतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्या हिशेबाने ही चूक सुमारे 57 सागरी मैलांची आहे. खडकाळ किनाऱ्याजवळ एवढ्या चुकीने जहाज बुडाले असते.

दोष कंसावरच्या, म्हणजे कोन वाचायच्या वक्र पट्टीवरच्या, खुणांत आहे. त्या ठशाने उठवलेल्या असून त्यांची अंतरे कमीजास्त आहेत, शिवाय भुजेची खीळ सैल आहे. जेसी रॅम्सडेन यांनी 1770 च्या दशकात कंसाचे अचूक भाग पाडणारे यंत्र घडवले, ते याच अडचणीवर. अशा कच्च्या वस्तूवर लंडनच्या एका जुन्या निर्मात्याचे नाव आणि साल कोरणे मला अयोग्य वाटते. विक्रेत्याने ते थांबवावे आणि ही शोभेची प्रतिकृती असल्याचे पेटीवर स्पष्ट लिहावे.

दिवाणखान्यासाठी किंवा मुलांना आरशांचे तत्त्व दाखवण्यासाठी ही वस्तू जरूर घ्यावी. अक्षांश काढायला शिकायचे असेल, तर सरावासाठी मिळणारा प्लॅस्टिकचा साधा सेक्स्टंट घ्यावा.