गिटलॅब क्लस्टरवर बसवायचं तर: ईकेएस, जीकेई की एकेएस?

नागपूरच्या आयटी पार्कमध्ये वीस-पंचवीस जणांची टीम आहे, गिटलॅब (कोड ठेवण्याचं आणि त्यावर मिळून काम करण्याचं सॉफ्टवेअर) स्वतःकडे हवं आहे आणि सर्व्हर सांभाळायला दोनच माणसं आहेत, तीही बाकीची कामं करत. हा आढावा अशा टीमसाठी आहे. इथे क्लस्टर म्हणजे कुबरनेटिसचा, ॲप्स अनेक मशीनवर मिळून चालवणारा; तो ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) ईकेएस, गूगलच्या क्लाउडवर जीकेई आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर एकेएस या नावाने मिळतो. क्लस्टर निव्वळ गिटलॅबसाठी उभा करणार असाल, तर करू नका. एका व्हर्च्युअल मशीनवर लिनक्स पॅकेज बसवा, एवढ्या लोकांचं काम व्यवस्थित भागतं. क्लस्टरवर तुमची इतर ॲप्सही चालणार असतील, तरच पुढचं वाचा.

गिटलॅब क्लस्टरवर बसवायचं ते हेल्म चार्टने, म्हणजे तयार इन्स्टॉल-संचाने. त्याची आज्ञा तिन्हीकडे जवळपास सारखीच: डोमेन आणि सर्टिफिकेटसाठी ईमेल दिला की पॉड, म्हणजे गिटलॅबचे एकेक भाग चालवणारे घटक, उभे राहायला लागतात. खरा फरक डिस्क आणि डेटाबेसपाशी पडतो.

ईकेएसवर ईबीएसचा (ॲमेझॉनच्या क्लाउड डिस्कचा) सीएसआय ड्रायव्हर, म्हणजे क्लस्टरला डिस्क जोडून देणारा भाग, वेगळा ॲड-ऑन म्हणून बसवावा लागतो आणि त्याला आयएएमची (ॲमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेची) परवानगीही द्यावी लागते. हे राहिलं की डिस्क लागणारे पॉड ‘पेंडिंग’मध्येच बसून राहतात. दुसरी अडचण पॉडच्या संख्येची. तिथे प्रत्येक पॉड नेटवर्क कार्डावरचा आयपी घेतो, त्यामुळे टी३ मीडियम आकाराच्या नोडवर (क्लस्टरमधल्या एका मशीनवर) मूळ सेटिंगमध्ये १७ च पॉड मावतात. जीकेईच्या नेहमीच्या (स्टँडर्ड) क्लस्टरवर ही मर्यादा मूळ सेटिंगमध्ये नोडमागे ११० आहे, आणि डिस्कचा ड्रायव्हर जीकेई-एकेएस दोन्हीकडे आधीपासूनच असतो.

एकेएसवर अडतं ते पोस्टग्रेसपाशी, म्हणजे गिटलॅबच्या डेटाबेसपाशी. चार्टसोबत पोस्टग्रेस, रेडिस (तात्पुरत्या डेटासाठी) आणि मिनिओ (फाइल साठवण्यासाठी) आले, तरी ते फक्त चाचणीपुरते धरा; रोजच्या वापरासाठी या सोयी क्लस्टरबाहेरच हव्यात. ॲझ्युरच्या फ्लेक्झिबल सर्व्हरवर (तिथल्या तयार पोस्टग्रेस सेवेवर) गिटलॅबला लागणारी पीजी-ट्रायग्राम आणि बीट्री-जिस्ट ही एक्स्टेन्शन्स (डेटाबेसची जादा साधनं) आधी सर्व्हरच्या परवानगी-यादीत घालावी लागतात, नाहीतर मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसमधली टेबलं तयार करण्याचं काम, मध्येच थांबतं. काम पाच मिनिटांचं, पण आधी माहीत हवं.

पैशांचं पाहू. ईकेएसचं कंट्रोल प्लेन (क्लस्टर चालवणारा मुख्य भाग) तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर. जीकेईचा दरही तोच, पण बिलिंग खात्याला महिन्याला ७४.४० डॉलरची सूट असल्याने एका झोनमधला एक क्लस्टर त्यातून सुटतो. एकेएसच्या फ्री टियरला हे शुल्क नाही, पण अपटाइमची हमीही नाही. ईकेएसवर कुबरनेटिसच्या आवृत्तीचा १४ महिन्यांचा नेहमीचा सपोर्ट संपल्यावरही अपग्रेड टाळलं, तर तासाचा दर ०.६० डॉलर होतो. दोन माणसांच्या टीममध्ये अपग्रेड लांबणीवर पडतंच, म्हणून हा आकडा मला जास्त टोचतो.

अंतराचा विचार बरेच जण करतात. नागपूरला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, तिथे एडब्ल्यूएसचं रीजन (डेटा सेंटरांचं ठिकाण) आहे. ॲझ्युरचं सेंट्रल इंडिया पुण्यात, गूगलची रीजन मुंबई आणि दिल्लीत. कोड पुल-पुश करताना एवढा फरक जाणवत नाही, त्यावरून ठरवू नका.

माझा कौल जीकेईच्या नेहमीच्या क्लस्टरला. तुमचा डेटा आधीच एस३ मध्ये (ॲमेझॉनच्या फाइल-साठ्यात) असेल तर मात्र ईकेएसचा त्रास सोसण्यासारखा आहे. कंपनीत मायक्रोसॉफ्टची लॉगिन व्यवस्था असेल तर एकेएस घ्या.

कुठलाही घ्या, पण ‘रेल्स-सीक्रेट’ नावाचं सीक्रेट (डेटाबेसमधली गुप्त माहिती उलगडणाऱ्या किल्ल्या) पहिल्याच दिवशी क्लस्टरबाहेर सुरक्षित ठेवा. गिटलॅबच्या बॅकअपमध्ये ते मुद्दामच येत नाही. माझ्या ओळखीच्या एका टीमने बॅकअप रोज घेतला आणि हे विसरली. क्लस्टर नव्याने उभा केल्यावर रिपॉझिटरी सगळ्या परत आल्या, पण सीआयची (कोडच्या आपोआप चाचण्यांची) गुप्त व्हेरिएबल्स, म्हणजे तिथे साठवलेले पासवर्ड वगैरे, आणि सगळ्यांचं दोन टप्प्यांचं लॉगिन गेलं. ते पुन्हा भरण्यात त्यांचा अख्खा आठवडा गेला.