भिलार : वाचायला जा, पुस्तक शोधायला नको

पाचगणीहून महाबळेश्वरच्या वाटेला लागलं की पाच-सहा किलोमीटरांत भिलार येतं. ४ मे २०१७ रोजी या स्ट्रॉबेरीच्या गावाचं ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला २५ ठिकाणं होती आणि सुमारे १५ हजार पुस्तकं. पुढे दोन्ही वाढली. कुणाचं राहतं घर, कुणाचं लॉज, शाळा, देऊळ अशा जागांत पुस्तकांची दालनं आहेत. प्रकल्प राज्य मराठी विकास संस्थेचा. पुस्तकं, कपाटं, खुर्च्या संस्थेच्या. जागा आणि राखण गावकऱ्यांची. वाचायला पैसे पडत नाहीत, मात्र पुस्तक घरी नेता येत नाही.

म्हणूनच याला ग्रंथालय समजून गेलात तर हिरमुसाल. आपल्याकडे गावच्या वाचनालयाचा साचा फार जुना आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. वर्गणी भरा, अनामत ठेवा, पुस्तक घरी न्या, मुदतीत परत करा, नाहीतर दंड भरा, अशी ही रीत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. भिलारला ना सभासद, ना देवघेव. ज्या हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना आली, ते वेल्समधलं गाव तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं. तिथे पुस्तक विकत घेऊन पिशवीत टाकायचं. भिलार या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. गावभर पसरलेली वाचनाची खोली म्हणा, म्हणजे अपेक्षा बरोबर बसतील.

मांडणी विषयवार आहे : एका घरी कविता, दुसरीकडे चरित्रं, तिसरीकडे विज्ञान, कुठे बालसाहित्य, कुठे दिवाळी अंक. भिंतींवर चित्रं आणि दारात फलक असल्याने दालन ओळखायला अडचण नाही. अडचण येते ती दोन विषयांच्या सीमेवरच्या पुस्तकाची. एखाद्या शास्त्रज्ञाचं आत्मचरित्र विज्ञानाच्या घरी असेल की चरित्रांच्या? ग्रंथालयात हा घोळ सूचीपत्राने सुटतो, कारण एका पुस्तकाच्या नोंदी लेखक, शीर्षक आणि विषय अशा तिन्ही अंगांनी असतात आणि कपाटं दहा पावलांवर. इथे दोन कपाटांच्या मध्ये चढ, उतार आणि कुणाचं तरी अंगण येतं. ठरावीक पुस्तकाच्या मागे लागलात तर दिवस चालण्यात जाईल. विषय ठरवा, फार तर दोन किंवा तीन घरं निवडा आणि तिथेच बसा.

काय वाचावं, हेही आधी ठरवलेलं बरं. दोनशे पानांची कादंबरी सावकाश वाचली तर चार-पाच तास घेते. तरी पाहुणा आधी कादंबऱ्यांच्या घरीच शिरतो आणि सत्तराव्या पानावर त्याला गाडी गाठावी लागते. अर्ध्या दिवसासाठी कविता, कथा, ललित लेख उत्तम. आमच्या मते सगळ्यांत मोलाचं दालन दिवाळी अंकांचं. बहुतेक वाचनालयांत जुने दिवाळी अंक जागेअभावी रद्दीत जातात. इथे ते बसून चाळता येतात. अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती टिपून घ्या, म्हणजे आपल्या वाचनालयात मागता येईल. वाचून झालं की पुस्तक अंदाजाने कपाटात खोचू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. आणि स्ट्रॉबेरी खाल्ली असेल तर आधी हात धुवा. तो डाग कागदावरून जात नाही.

आता पावसाचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीच्या बाजूला तो निम्म्याहूनही कमी, पण धुकं आणि दमट हवा महिनोन्‌महिने मुक्कामाला. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की कागदाला बुरशी धरते. घट्ट भरलेलं, काचबंद, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट तिला फारच मानवतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे हवं, आणि पुस्तकं इतकी सैल की बोटाने सहज निघावीत. डांबराच्या गोळ्यांनी कसर काही प्रमाणात दूर राहते, बुरशी मात्र थांबत नाही. सिलिका जेलच्या निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात, आणि नेमकं हेच राहून जातं. घरोघरी विखुरलेल्या संग्रहात ही निगा त्या त्या घराच्या सवयीवर अवलंबून, म्हणून दालनागणिक फरक पडणारच. कुबट वास किंवा करडे ठिपके दिसले तर पुस्तक तिथेच झटकू नका, बुरशी शेजारच्या पुस्तकांवर बसते. यजमानांच्या हाती द्या. मोकळ्या हवेत, सावलीत सुकवून मऊ ब्रशने ते साफ करता येतं. कडक उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो.

जायला डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम : हवा कोरडी, स्ट्रॉबेरीचा हंगाम, अंगणात बसता येतं. शनिवार-रविवार टाळा. दालन हे कुणाचं तरी घर आहे, तेव्हा जेवणाच्या वेळी दार वाजवू नका. त्याच घरी राहण्या-जेवणाची सोय असेल तर तिथेच उतरा. गावाचा मोबदला त्यातून येतो, आणि पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी दालन जवळजवळ तुमच्या एकट्याचं होतं.

संदर्भासाठी पुस्तक हवं असेल तर पसरणी घाट उतरून वाईला जा. लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालय तिथे १९२४ पासून आहे, आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच.