१४९ रुपयांची ट्रायल आणि ९,५४५ रुपयांचा खड्डा

आधी हिशोब मांडते, कारण कुणालाही सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो तो "किती गेले?" हाच. घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या किटच्या ट्रायल बॉक्सचे १४९. थंड बॅगेचं 'परत मिळणारं' डिपॉझिट १,२००. आठवड्याचे २,३९९, असे तीनदा, म्हणजे ७,१९७. आणि रद्द करण्याची 'प्रोसेसिंग फी' ९९९. एकूण ९,५४५ रुपये. त्यातला एक रुपया परत आलेला नाही. मिळालं काय, तर दोन खोकी, त्यातलं दुसरं अर्धवट, आणि एक निळी बॅग.

योजना तुम्ही पाहिलेलीच असणार. भाज्या चिरून, मसाले मोजून, पुड्यांवर नावं घालून घरी येतात. सोबत कृतीचं चकचकीत कार्ड. आपण फक्त गॅस पेटवायचा. पहिला बॉक्स १४९ रुपयांत, "नंतर आवडलं तर बघा". "अशा जाहिरातींना कोण भुलतं" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी अकाउंट्समध्ये आणि महिना मार्चचा. स्वयंपाकाला बाई मिळत नव्हती. घरातल्या बाकीच्यांना चहापलीकडे काही येत नाही. या परिस्थितीत १४९ रुपयांत तीन जेवणांचं सामान कुणी दारात आणून देत असेल तर कुणीही घेऊन बघेल. मीही घेतलं.

आणि हे मुद्दाम लिहिते: पहिलं खोकं चांगलं होतं. हळदीची पुडी नखाएवढी, पण तिच्यावरही चिठ्ठी. दोन हिरव्या मिरच्या सोनाराकडच्या कागदासारख्या पातळ गुलाबी कागदात गुंडाळलेल्या. पनीर ताजं. सासूबाईंनी कार्ड चष्मा लावून वाचलं आणि "मीठ कमी सांगितलंय" एवढीच तक्रार केली. खरी मेख इथेच आहे. निव्वळ चोर असता तर त्याने काहीच पाठवलं नसतं आणि मी सरळ पोलिसांत गेले असते. हे लोक एक खोकं नीट पाठवतात. त्यामुळे पुढे ज्याच्या दारात जाल तो विचारतो, "पण मॅडम, माल तर मिळाला ना?"

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे त्याबद्दल. १४९ भरायला बटण दाबलं, यूपीआयचं अ‍ॅप उघडलं. वर ठळक अक्षरांत १४९. खाली पिन टाकायची जागा. या दोन्हींच्या मध्ये एक फिकट ओळ होती, तिच्या टोकाला खाली वळलेला बाण. तो बाण दाबला असता तर दिसलं असतं: ऑटोपे (म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी), दर आठवड्याला, कमाल रक्कम ५,०००, मुदत दहा वर्षं. आणि पैसे घेणाऱ्याचं नाव किटच्या ब्रँडचं नाही, तर भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं, सॉफ्टवेअर विकत असावी असं. हे सगळं मी नंतर अ‍ॅपमध्ये जाऊन वाचलं. तेव्हा बाण दिसला होता, उघडला नाही. मी ऑफिसात दुसऱ्यांची व्हाउचरं परत पाठवते, सही नाही म्हणून, हेड चुकीचं म्हणून, तारीख खोडली म्हणून. सव्वाशे रुपयांच्या रिक्षाच्या बिलावरून मी साहेबांशी वाद घातलेला आहे. आणि दहा वर्षांचा करार माझ्या अंगठ्याने चार आकडे दाबून मंजूर करून टाकला.

पण मला सांगा, कोण उघडतं तो बाण? दिवसभरात दूध, भाजी, रिक्षा, पेट्रोल, सगळीकडे आपण तोच पिन टाकत असतो. हाताला सवय लागलेली असते आणि या लोकांना ती सवय पाठ असते. पडद्याची रचनाच अशी की १४९ डोळ्यांत भरावेत आणि ५,००० शोधावे लागावेत. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे नकळत वर्गणीत अडकवणं, त्यातलाच एक. म्हणजे सरकारलाही हे माहीत आहे. छान.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे आपोआप जाणारे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. तशी सूचना मला आली होती, खोटं बोलणार नाही. रात्री पावणेतीनला, इंग्रजीत, त्या सॉफ्टवेअरछाप कंपनीच्या नावाने, कर्जाच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातींच्या मध्ये. मला वाटलं हीपण जाहिरातच. आणि २०२२ पासून १५,००० पर्यंतच्या अशा हप्त्यांना दर वेळी पिन लागत नाही, त्यामुळे पैसे जाताना फोनने एकदाही विचारलं नाही. नियम त्यांनी अक्षरशः पाळला आणि २,३९९ गेले.

रात्री-अपरात्री आलेला 'मॅंडेट' (म्हणजे हीच परवानगी) किंवा 'ऑटोपे' असा शब्द असलेला मेसेज जाहिरात समजून पुसू नका. त्यात नाव ओळखीचं नसेल तर जास्तच नीट वाचा.

दुसरं खोकं घेऊन पोरगा आला आणि म्हणाला, आता माल थंड बॅगेत येणार, बॅगेचं डिपॉझिट १,२००, बॅग परत दिली की पैसे परत. हातात क्यूआरचा कागद होता. त्या पोराला दोष देत नाही, त्याला दोन दारांमागे किती मिळत असतील देव जाणे. मी स्कॅन केलं, कारण २,३९९ आधीच गेलेले होते आणि खोकं डोळ्यांसमोर होतं. पावती मागितली तर "अ‍ॅपवर येईल". अ‍ॅपवर काही आलं नाही. खोक्यात तीन जेवणांऐवजी दीड जेवणाचं सामान, पालकाला वास, आणि पनीरच्या पाकिटावर तारीख होती तिथे दुसरं स्टिकर चिकटवलेलं. त्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली आधीची तारीख. तेव्हा पहिल्यांदा पाकिटावरचा अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक मोजला. तो १४ आकडी असतो. यांचा १३ आकडी होता. पहिल्या खोक्यावरचं लेबल कचऱ्यात गेलेलं, त्यामुळे तिथे काय होतं ते आता कळणार नाही. (लेबलं टाकू नका. फोटो काढा, आतून-बाहेरून, खोकं फोडायच्या आधी.)

मग रद्द करायचं ठरवलं. फोन नंबर नाही, फक्त चॅट. चॅटवर कुणीतरी 'रिया', तिला प्रत्येक वाक्यामागे हात जोडलेलं चित्र टाकायची सवय. रिया म्हणाली, कॅन्सलेशन कन्फर्म झाल्याशिवाय रिफंड सुरू होत नाही, कन्फर्म करायला ९९९ भरा, ते रिफंडसोबत मिळून परत येतील. आणि मी भरले. हे लिहिताना कान गरम होतायत. नवऱ्याला हे ९९९ मी बरेच दिवस सांगितलेच नव्हते. पण त्या वेळचा हिशोब सरळ होता: अडकलेले तीन हजार सातशे अठ्ठेचाळीस, ते सोडवायला नऊशे नव्व्याण्णव. बुडत्या पैशामागे पैसा टाकू नये हे मलाही कळतं, पण समोरचा प्रत्येक वाक्यात "मॅम, आपले पैसे सुरक्षित आहेत" म्हणत असतो. पैसे गेल्यावर रिया चॅटवरून गायब.

पैसे परत मिळवायला आधी पैसे भरायला सांगितले की चॅट तिथेच बंद करायचं.

आता बँक. शाखेत गेले. काउंटरवरच्या साहेबांनी पासबुक बघून सांगितलं, "यात तुमचा पिन आहे. म्हणजे तुम्हीच परवानगी दिली. हा फ्रॉड नाही." मी रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं, ग्राहकाची चूक नसताना तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही ते. साहेबांनी ते उलटं धरून दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "हे अनधिकृत व्यवहारांसाठी आहे." बरं, असेल. तुमचं खरं मानलं. मग मी विचारलं, निदान पुढचे हप्ते आज थांबवा. तर म्हणाले, "ते कंपनीलाच सांगावं लागेल, आमच्या हातात नाही." इथे माझा संताप आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. कारण ते कंपनीच्या हातात नव्हतंच, माझ्याच फोनमध्ये होतं! त्याच अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, त्यात जाऊन मॅंडेट रद्द करता येतं, पिन टाकला की संपलं. हे मला बँकेत पगार घेणाऱ्या माणसाने सांगितलं नाही, बारावीतल्या भाच्याने सांगितलं, "मामी, हे बघ इथेच तर आहे." शाखेतून घरी येणं आणि भाचा घरी येणं या दरम्यान तिसरे २,३९९ गेले. दुसऱ्या २,३९९ सारखंच यांचंही खोकं आलंच नाही. हे २,३९९ माझ्या मते त्या साहेबांच्या पगारातून कापायला हवेत. लेखी तक्रार दिली तेव्हा पोच द्यायलाही खळखळ. "मेल करा ना मॅडम." पोच घेतल्याशिवाय हलले नाही, रांगेतल्या लोकांनी काय म्हणायचं ते म्हणो.

पोलीस ठाण्यात वेगळीच तऱ्हा. ठाणे अंमलदार चांगलं बोलले, पाणी दिलं, आणि म्हणाले, "ताई, खोकं आलंय म्हणजे हा व्यवहाराचा वाद. ग्राहक मंचात जा." बॅगेच्या १,२०० आणि ९९९ चं काय? ते तर वस्तू न देताच घेतलेत. "रक्कम लहान आहे हो." लहान म्हणजे किती असल्यावर मोठी? असं विचारलं तर समोर बसलेले एक गृहस्थ, ज्यांचे अकरा लाख गेले होते, माझ्याकडे वळून बघायला लागले. मी गप्प बसले. पण घरी येताना वाटत राहिलं की हे धंदेवाले नेमके याच्यावरच जगतात. प्रत्येकाचे नऊ-साडेनऊ हजार, कुणाचीच रक्कम पुरेशी मोठी नाही, कुणाचाच गुन्हा नाही. अन्नसुरक्षेच्या कार्यालयात १३ आकडी क्रमांकाचा फोटो दाखवला तर "नमुना आणलाय का?" नमुना म्हणजे तो सडका पालक. तो मी फ्रीजमध्ये जपून ठेवायला हवा होता म्हणे, सीलबंद. तारखेवर तारीख चिकटवलेलं पाकीट मात्र आणलं होतं, ते त्यांनी बघून परत दिलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर शाखेच्या रांगेत उभं राहण्याआधी घरबसल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मी हे उशिरा केलं, कारण मला सगळ्यांनी "फ्रॉड नाही, फ्रॉड नाही" सांगून थंड केलं होतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार क्रमांक मिळतो, तो पुढे कामाला येतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वकील केलाच पाहिजे असं नाही. हे कुठल्याही काउंटरवरच्या माणसाने मला आपणहून सांगितलेलं नाही.

आणि आत्ता, हे वाचता वाचता, आपल्या यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी उघडा. माझ्या बहिणीने उघडली तर तिच्याकडे दोन वर्षांपूर्वी मुलाने लावलेल्या गेमचे दरमहा १२९ जात होते.

आता ताजी स्थिती. हेल्पलाइनमार्फत कंपनीचं एकच उत्तर आलं: ग्राहकाने बॅग परत न केल्यामुळे डिपॉझिट जप्त. न्यायला कुणी आलं नाही हे लिहून कळवलं, त्याला उत्तर नाही. म्हणून ती निळी बॅग धुऊन, पुसून, खोक्यावर छापलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह कुरियरने पाठवली, १८० रुपये. कुरियर परत आलं, वर शेरा: या पत्त्यावर अशी कंपनी नाही. तो शेरा असलेला कागद स्कॅन करून आयोगाच्या तक्रारीला जोडला आहे, आणि मागणीची रक्कम ९,५४५ ऐवजी ९,७२५ केली आहे.