कोकणातील खळ्यावरचे इपॉक्सी कोटिंग : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव आणि ठेकेदाराशी झालेला वाद

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरासमोरच्या सुमारे ६०० चौरस फुटांच्या सिमेंटच्या खळ्यावर गेल्या एप्रिलच्या अखेरीस आम्ही राखाडी रंगाचे इपॉक्सी कोटिंग (दोन द्रव मिसळून लावायचा आणि मग कडक होणारा रेझिनचा थर) करून घेतले. त्यानंतर एक पुरा पावसाळा आणि जवळजवळ सगळा हिवाळा गेला असून त्या कोटिंगपैकी फाटकाजवळचा पट्टा सोडला तर काहीही आज जागेवर राहिलेले नाही. ठेकेदाराशी लेखी तडजोड झालेली असल्यामुळे त्याचे किंवा उत्पादनाचे नाव येथे देत नाही. मात्र काय बिघडले, का बिघडले आणि वाद कसा मिटला हे तपशिलाने लिहीत आहे, कारण कोटिंग करण्यापूर्वी मला अशी माहिती मराठीत कोठेही मिळाली नव्हती.

आमचे घर डोंगराच्या उतारावर आहे. खळ्याचा कोबा साधारण बारा वर्षांपूर्वीचा, दगडांच्या सोलिंगवर चार इंच जाडीचा आणि वरून कोरडे सिमेंट भुरभुरून गुळगुळीत घोटलेला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात असा घोटलेला कोबा आषाढापासून शेवाळाने हिरवा होतो, आणि घरात वयस्कर माणसे असली की पडवीतून फाटकापर्यंत जाणे हीसुद्धा काळजीची बाब होते. शिवाय सोलं, सुपारी, पापड असे सगळे वाळवण याच खळ्यात पडते, आणि कोकमाच्या आंबट रसाने सिमेंटवर पडलेले डाग कशानेही जात नाहीत. वाळूचे बारीक कण मिसळलेले, घसरू न देणारे आणि डाग न शोषणारे कोटिंग हा या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणून आम्हाला सुचवण्यात आला.

ठेकेदाराने चौरस फुटाला ९५ रुपये दर सांगितला, म्हणजे एकूण ५७,००० रुपये. त्याच्या लेखी अंदाजपत्रकात चार गोष्टी होत्या : पृष्ठभागाची यंत्राने घासाई, प्रायमर, इपॉक्सीचे दोन हात मिळून ३०० मायक्रॉनचा थर, आणि उन्हापासून संरक्षणासाठी पीयू (पॉलियुरेथेन) टॉपकोट, म्हणजे सर्वांत वरचा हात. पन्नास हजार रुपये काम होताच द्यायचे आणि उरलेले सात हजार पावसाळ्यानंतर, असे ठरले. हा कागद पुढे किती उपयोगी पडणार आहे याची त्या वेळी दोघांनाही कल्पना नव्हती.

पहिले पाच-सहा आठवडे तक्रारीला जागा नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खळे एका बादलीत धुऊन निघत असे, सोलांचा रस पुसला की जात असे आणि ओल्या पायाने चालताना पकड चांगली मिळत असे. मे महिन्याच्या दुपारी मात्र ते इतके तापायचे की अनवाणी पाऊल टेकवत नसे; राखाडीऐवजी फिकट रंग घेतला असता तर हा त्रास कमी झाला असता. एवढ्यावर परीक्षण लिहिले असते तर पाचपैकी चार तारे दिले असते.

मृगाच्या पावसानंतर पहिली खूण दिसली ती डोंगराकडच्या बाजूला. तेथे रुपयाएवढे फोड उठले आणि आषाढात ते तळहाताएवढे झाले. फोड टाचणीने फोडला की आतून दाबाने पाणी उडत असे. ते पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागत होते आणि त्यात बुडवलेला तांबडा लिटमस निळा होत होता. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे हे पाहिल्याशिवाय मला राहवले नाही. सिमेंटमधील अल्क विरघळवत काँक्रीटमधून वर आलेले पाणी म्हणजे जमिनीची ओल, हे त्यावरून उघड होते. काँक्रीट सूक्ष्म नलिकांनी भरलेले असते, खालची ओल त्यांतून सतत वर येते आणि एरवी हवेत उडून जाते; इपॉक्सीने ती वाट बंद केली की थराखाली दाब साठतो.

दुसरा बिघाड वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात आला. पडवीच्या कौलांच्या पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेपासून सुरुवात होऊन खळ्याच्या मध्यभागापर्यंत कोटिंगचे पोपडे सुटू लागले. येथे फोड नव्हते, पाणी साठलेले नव्हते. कडा नखाने उचलली की हातभर लांब पापुद्रा निघून येई. गणपतीत खळ्यात पाहुणे उभे असताना मुले हे पापुद्रे सोलत बसली होती, यावरून कल्पना यावी. तिसरी गोष्ट रंगाची. जेथे कोटिंग टिकले होते तेथे राखाडी रंगावर पिवळट झाक आली आणि तळपायाला पांढरी पूड लागू लागली. साधे इपॉक्सी उन्हातील अतिनील किरणांनी पिवळे पडते आणि त्याची भुकटी होते, आणि त्यासाठीच तर टॉपकोट सांगितला होता.

ठेकेदाराला फोटो पाठवले तेव्हा त्याचे उत्तर तयार होते : ‘जमिनीतून ओल येते आहे, हा तुमच्या कोब्याचा दोष आहे आणि तो वॉरंटीत बसत नाही.’ हे उत्तर अर्धे खरे होते, म्हणूनच ते खोडायला वेळ लागला. चिपळूणहून एका स्थापत्य अभियंत्यांना बोलावून त्यांच्याकडून लेखी पाहणी करून घेतली. त्यांनी कोब्याचा गोल तुकडा कापून काढला, तेव्हा सोलिंग आणि काँक्रीट यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद नसल्याचे दिसले. जमिनीची ओल अडवण्यासाठी तो घालतात. बारा वर्षांपूर्वी आमच्या गावात खळ्याखाली तो कोणीही घालत नसे.

यावर ठेकेदाराने आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो मला आजही विचार करण्याजोगा वाटतो. कोटिंगपूर्वी ओल तपासण्याची सोपी रीत अशी आहे की साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवायचा आणि खाली दव जमते किंवा काँक्रीट काळवंडते का ते पाहायचे. एएसटीएम या अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ४२६३ या पद्धतीत हेच सांगितले आहे. ती चाचणी त्याने केली नव्हती हे त्याने कबूल केले, पण एप्रिलमध्ये केली असती तरी कोबा कोरडाच निघाला असता, असे त्याचे म्हणणे होते. ते बरोबर आहे. कोकणात वैशाखात विहिरी तळाला जातात आणि श्रावणात त्याच डोंगराला जागोजाग पाझर फुटतात. उन्हाळ्यातील चाचणी श्रावणाबद्दल काहीच सांगत नाही. पण कोकणात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाने नेमके याचमुळे विचारायला हवे होते की पावसात डोंगराचे पाणी कोठून जाते आणि कोब्याखाली काय आहे. त्याने यापैकी काहीही विचारले नव्हते.

वादाचा निकाल मात्र ओलीवर लागला नाही. तो लागला पोपड्यांच्या उलट्या बाजूवर. कोटिंग सुटले की निघालेला तुकडा उलटा करून पाहावा, हे अभियंत्यांनी सांगितले आणि या सगळ्या प्रकरणात मी शिकलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. मागची बाजू स्वच्छ आणि चकचकीत असेल तर कोटिंगने काँक्रीटला मुळात धरलेच नव्हते, आणि त्याचे कारण ओल, तेल किंवा फार गुळगुळीत पृष्ठभाग असू शकते. मागे खडी-वाळूसह काँक्रीटचा तुकडा आला असेल तर कोटिंगची पकड चांगली होती, काँक्रीटच कमकुवत होते. आणि मागे पिठासारखा पांढरा सिमेंटचा थर चिकटलेला असेल तर वरचा कच्चा थर घासून न काढता त्यावरच कोटिंग लावले गेले होते. आमच्या खळ्याच्या मध्यभागातील प्रत्येक पोपड्यामागे हा पांढरा थर होता.

अंदाजपत्रकात यंत्राने घासाई लिहिलेली होती. प्रत्यक्षात खळे झाडून, पातळ अ‍ॅसिडने धुऊन, पाण्याचा फवारा मारून दुसऱ्या दिवशी प्रायमर लावला गेला. ठेकेदाराने अ‍ॅसिड म्हणजेही घासाईच असा युक्तिवाद करून पाहिला. पण फाटकाजवळ कोब्याच्या दोन भागांच्या सांध्यावर उंचवटा होता आणि तो सपाट करण्यासाठी त्याच्याच माणसांनी सुमारे दोन फूट रुंदीचा पट्टा ग्राइंडरने घासला होता. तोच कोबा, तेच डबे, तेच कामगार आणि तोच पाऊस असूनही त्या पट्ट्यावरील कोटिंग आजही सुरीने खरवडल्याशिवाय निघत नाही. हा पट्टा दाखवल्यानंतर ठेकेदाराचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

डब्यांचा हिशोब दुसरा पुरावा ठरला. काम झाल्यावर रिकामे डबे गोठ्यात ठेवून दिले होते, त्यात रोपे लावण्याच्या उद्देशाने. इपॉक्सीचे चार लिटरचे तीन संच होते, म्हणजे हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा दुसरा द्रव) धरून बारा लिटर. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५५.७ चौरस मीटर, आणि एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला तर थर एक मिलिमीटर, म्हणजे १,००० मायक्रॉनचा होतो. त्या हिशोबाने ३०० मायक्रॉनसाठी किमान पावणेसतरा लिटर लागतात, आणि बारा लिटरमध्ये एक थेंब वाया न घालवताही २१५ मायक्रॉनच्या वर जाता येत नाही. थिनर मिसळले असेल तर वाळल्यावर त्याहूनही कमी. टॉपकोटचा तर एकच एक लिटरचा डबा होता. तो सगळ्या खळ्यावर पसरला तर ओला थर जेमतेम १८ मायक्रॉनचा होतो. पिवळेपणाचे आणि भुकटीचे कारण वेगळे शोधावे लागले नाही. डबे उघडण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवावा आणि क्षेत्रफळाशी ताळा करावा. त्याला काहीही खर्च येत नाही.

उत्पादक कंपनीची भूमिका निराशाजनक होती. डब्यावर पाच वर्षांच्या वॉरंटीचा उल्लेख आहे, परंतु तिची अट अशी की माहितीपत्रकाप्रमाणे काम झालेले असावे. माहितीपत्रकात यंत्राने घासाई आणि काँक्रीटमधील ओल चार टक्क्यांपेक्षा कमी असणे या अटी आहेत. कंपनीचा प्रतिनिधी आला, त्याने फोटो काढले आणि काम आमच्या मान्यताप्राप्त माणसाने केलेले नाही असे कळवून विषय संपवला. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार कोब्याकडे, आणि कोबा घालणारा गवंडी तर कधीच गाव सोडून गेलेला, अशी ही साखळी आहे.

दिवाळीपूर्वी वकिलांमार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात दोन सोयी आमच्यासारख्यांच्या फार कामाच्या आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, त्यामुळे परजिल्ह्यातील ठेकेदारालाच रत्नागिरीला यावे लागले असते. आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कायद्याने प्रकरण तीन महिन्यांत, आणि चाचणीची गरज असेल तर पाच महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागतो, हे वकिलांनी आधीच सांगितले होते. नोटिशीत आम्ही ‘खराब माल’ असे मोघम न लिहिता अंदाजपत्रकातील घासाई, ३०० मायक्रॉन आणि टॉपकोट या तीन ओळी आणि प्रत्येकीसमोर पुरावा एवढेच लिहिले.

ठेकेदार स्वतःहून बोलायला आला. डोंगराकडच्या फोडांचा सगळा भार त्याच्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नव्हते, आणि मध्यभागातील पोपड्यांची जबाबदारी त्याला नाकारता येत नव्हती. शेवटी असे ठरले की उरलेले सात हजार आम्ही द्यायचे नाहीत, त्याने पंचवीस हजार रुपये दोन हप्त्यांत परत करायचे आणि सगळे कोटिंग स्वखर्चाने ग्राइंडरने काढून द्यायचे. मुलाच्या मते हे फार थोडे होते. मला मात्र निकालाची वाट पाहत आणखी एक पावसाळा त्या पोपड्यांवरून चालायचे नव्हते.

कोटिंग काढण्याचे काम डिसेंबरमध्ये झाले. धूळ ओढून घेणारे यंत्र त्याने आणले नव्हते, त्यामुळे पडवीतील झोपाळ्यापासून देवघरापर्यंत राखाडी पूड बसली. असे काम करून घ्यायचे असल्यास यंत्राची अट लेखी घालावी आणि कामगारांना मास्क द्यावा. फाटकाजवळचा पट्टा मी तसाच ठेवून घेतला आहे.

इपॉक्सीविषयी माझे मत वाईट झालेले नाही. घराच्या आतल्या भागात, गॅरेजमध्ये किंवा कोब्याखाली प्लास्टिक घातलेल्या नव्या बांधकामात, नीट घासाई केली तर ते टिकेल असे तो पट्टा पाहून वाटते. कोकणातील जमिनीलगतच्या, डोंगराखालच्या उघड्या खळ्यासाठी मात्र मी ते कोणालाही सुचवणार नाही, आणि या वापरासाठी त्याला पाचपैकी दीड तारा देतो. आमच्याकडे आता ग्राइंडरमुळे खरखरीत झालेला उघडा कोबाच आहे, आणि पाय घसरण्याची मूळ अडचण त्या खरखरीतपणानेच बरीचशी सुटेल असे दिसते. काँक्रीटमध्ये मुरणारे, वाफ अडवून न धरणारे सिलेन-सिलोक्झेन द्रावण फक्त वाळवणाच्या कोपऱ्यात लावले आहे. पाण्याला ते चांगले तोंड देते, कोकमाच्या रसाला किती देते ते येत्या मोसमात कळेल. डोंगराकडच्या बाजूने दगड आणि छिद्रे पाडलेला पाइप घालून चर खणून घेतला, त्याचा खर्च परत आलेल्या पहिल्या हप्त्यातून निघाला. दुसरा हप्ता शिमग्यापर्यंत द्यायचा आहे.