सहा महिने थांबावे की बायोप्सी करावी?

स्तनातील गाठीच्या, परळहून आणलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘बायरॅड्स ३’ (संशयाच्या श्रेणीत ‘बहुधा निरुपद्रवी’) असेल, तर कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते; म्हणून गुळगुळीत कडांची, त्वचेला समांतर पसरलेली गाठ ६, १२ आणि २४ महिन्यांनी पुन्हा पाहणे सहसा पुरते. कडा काटेरी, गाठ आडवीपेक्षा उभी आणि मागे काळी सावली असल्यास मात्र थांबू नये. सावलीही फसवते, कारण जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण तशीच सावली टाकतो. उलट काही ट्रिपल निगेटिव्ह (स्तनाच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार) गाठी गोल, निरुपद्रवी भासतात. कर्जतहून लोकलने येणाऱ्या बाईची पुढची फेरी चुकेल असे वाटले, तर ‘३’ असूनही मी कोअर बायोप्सीकडे झुकेन. त्यात जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे शेवयांसारखे बारीक तुकडे काढले जातात, टाके लागत नाहीत.