गुहा ती गुहा, ताई!

मेघालयात ‘केव्हिंग’ला, म्हणजे नैसर्गिक गुहांत शिरायला, जायचा बेत असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आमच्या अकरा जणांच्या ग्रुपचे मिळून ७१,५०० रुपये गेले. मी अकाउंट्समध्ये काम करते. व्हाउचरवर सही नसली तर साहेबांचंसुद्धा बिल परत पाठवते. तरीही गेले.

आम्ही डोंबिवलीचे, दर रविवारी सह्याद्रीत भटकणारे. आमच्यासाठी गुहा म्हणजे लेणी. कार्ले, कान्हेरी, काळ्या पाषाणात छिन्नीने कोरलेली, आत उभं राहून फोटो काढायची. चुनखडीचा डोंगर पाणीच विरघळवतं आणि आत मैलोन्‌मैल बोगदे तयार होतात, हे शाळेच्या भूगोलात अधोमुखी-ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांपुरतं वाचलेलं, पेपर झाला की विसरलेलं. त्यामुळे ग्रुपवर ते पोस्टर आलं तेव्हा सगळे हरखलो. गुवाहाटी ते गुवाहाटी सात दिवस, आणि त्याशिवाय माणशी ६,५०० भरून ‘लियात प्राह केव्हिंग एक्स्पिडिशन’. प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर, सगळं साहित्य, विमा, सगळं त्यात धरलेलं. फोटोत एवढं प्रचंड भुयार, की दिवा घेऊन उभा असलेला माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता.

मी रीतसर शोधाशोध केली. लियात प्राह खरीच आहे. जैंतिया टेकड्यांमध्ये, तीस किलोमीटरहून जास्त लांब, भारतातल्या सर्वांत लांब गुहांपैकी एक. त्यातल्या एका भुयाराला ‘एअरक्राफ्ट हँगर’ म्हणतात, पोस्टरवरचा फोटो त्याचाच. १९९२ पासून शोधमोहिमा काढून तिथल्या लोकांनी आणि परदेशी गुहा-अभ्यासकांनी मेघालयातल्या शेकडो गुहा मोजल्या, नकाशे केले, हेही वाचलं. पोस्टरवरची प्रत्येक गोष्ट खरी निघाली आणि मी निर्धास्त झाले. गुहेची चौकशी केली, पण नेणाऱ्या माणसाची केलीच नाही.

पैसे यूपीआयने, आयोजकाच्या स्वतःच्या नावावर. पावती मागितली तर व्हॉट्सॅपवर ‘रिसीव्हड’ आणि पुढे हात जोडलेले. जीएसटीचं बिल? “टूर संपल्यावर एकत्र देतो, ताई.” ऑफिसात कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शिलाँगहून दोन सुमो निघाल्या. मी डावीकडे खिडकीशी बसले होते. ऊन सारखं डोळ्यांत येत होतं म्हणून मधल्या मैत्रिणीबरोबर जागा बदलली. या जागाबदलाबद्दल पुढे सांगते. वाटेत दोन डोंगरांना जोडणाऱ्या एका पुलापाशी चहाला थांबलो. टपरीवाल्या बाई लाल चहा देत होत्या, गालात क्वाय, म्हणजे तिथलं पान-सुपारी. पुढे सिमेंटच्या एका जुन्या कारखान्याजवळून गाड्या आत वळल्या आणि थांबल्या. तिथे तीन खासी पोरं हेल्मेटं घेऊन उभी होती.

‘प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर’ म्हणजे आयोजक स्वतः. त्याने पोरांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मी त्यातल्या एकाला, खासी रीतीप्रमाणे ‘बाह’ म्हणजे दादा म्हणून, विचारलं, “बाह, ये लियात प्राह है ना?” त्याने आयोजकाकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, “क्रेम, क्रेम.” मला वाटलं हो म्हणतोय. क्रेम म्हणजे खासीत नुसतं ‘गुहा’. तो बिचारा एवढंच सांगत होता की ही गुहा आहे.

गुहा सुंदर होती, हे कबूल करते. तोंडाशी अंग चोरून उतरायचं, मग दगडावरून सरपटायचं, मग कमरेपर्यंत पाणी. इतकं गार की पहिल्या पावलाला तोंडातून आवाजच फुटला नाही. वर वटवाघळं, भिंतीवरून ओघळून गोठल्यासारखा दगड, कुठे पडद्यासारख्या चुण्या. बाहने टॉर्च एका झुंबराच्या मागे धरली तर दगडातून मधासारखा उजेड पाझरला. तासाभराने माझ्या हेल्मेटवरचा दिवा आधी पिवळा झाला, मग विझला. अकरा हेल्मेटांपैकी चारांचे दिवे आतमध्येच गेले. जादा बॅटऱ्या कोणाकडेच नाहीत. बाहने काही न बोलता स्वतःच्या डोक्यावरचा दिवा काढून मला दिला, “काँग, ये लो” म्हणाला, आणि स्वतः मोबाइल दातांत धरून पुढे चालू लागला. काँग म्हणजे ताई. आयोजकही मला ताईच म्हणत होता.

मी विचारलं, हँगर कुठे? आयोजक म्हणाला, पुढे आहे, पण पाणी वाढलंय, आज जाणं सेफ नाही. ऐन कोरड्या हंगामात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना पाणी कुठून वाढलं, हे अकरा सुशिक्षित माणसांपैकी एकानेही विचारलं नाही. ओल्या कपड्यांत कुडकुडताना कोणी ‘सेफ’ म्हटलं की माणूस गप्प बसतो. अडीच तासांत बाहेर आलो.

आता चौथा दिवस. कार्यक्रमात सोहरा, म्हणजे आपलं चेरापुंजी. नोहकालिकाईचा धबधबा आणि मॉसमाईची गुहा, जिथे आत दिवे लावलेत आणि आजी-नातू सगळे जाऊन येतात. गाडी निघाली, आणि पुन्हा तोच पूल. तीच टपरी. त्याच बाई. माझ्यापुढे चहा ठेवत त्या हसून म्हणाल्या, “कल भी तो आया था आप लोग.”

मी आयोजकाकडे पाहिलं. “रस्ता दोन्हीकडे जातो, ताई.”

ड्रायव्हर शिलाँगचाच, गाडीपुरता ठरवलेला. त्याला बाजूला नेऊन विचारलं. त्याला यात लपवण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. जैंतियाला जायचं तर जोवाईचा रस्ता, पूर्वेला. हा दक्षिणेचा, सोहराचा, हा पूल मॉकडोकचा, आणि काल आपण गेलो ती मॉम्लुहची गुहा, सोहराच्या अगदी जवळ. मग मला ती डावी खिडकी आठवली. सकाळी पूर्वेला जाणाऱ्या गाडीत ऊन समोरच्या काचेतून येतं. आमच्या डोळ्यांत ते डावीकडून येत होतं. वीस वर्षं सह्याद्रीत सूर्य बघून दिशा सांगणारी माणसं आम्ही, आणि मी काय केलं, तर जागा बदलली!

या फसवणुकीची खुबी हीच आहे. तुम्हाला ताजमहाल सांगून दुसरी कबर कोणी दाखवू शकत नाही. जमिनीच्या पोटात मात्र पाटी नसते, नेटवर्क नसतं, आणि दिवा विझला की सगळ्या गुहा सारख्याच.

ड्रायव्हरने फोन लावून दिला आणि बाहने सरळ हिशेब सांगितला. तिघांची मजुरी, हेल्मेटं आणि दिवे धरून त्याला एकूण साडेपाच हजार मिळाले होते. अकरा जणांचे मिळून. आमच्याकडून घेतलेले ७१,५००. त्याला सांगितलं होतं की ही माणसं मॉम्लुह बघायलाच आली आहेत. दिव्यांबद्दल तो म्हणाला, नव्या बॅटऱ्यांचे पैसे मागितले होते, दिले नाहीत.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विषय काढला. आयोजकाने आधी हसण्यावारी नेलं, मग म्हणाला, “गुहा ती गुहा, ताई. आत मजा आली ना?” आणि खरं सांगू, मला त्याच्यापेक्षा आपल्याच माणसांनी जास्त तोंडघशी पाडलं. निम्मा ग्रुप म्हणाला, जाऊ दे ना, ट्रिपचा मूड कशाला घालवायचा, फोटो तर भारी आलेत. एकजण तर फोटो ‘लियात प्राह’ म्हणून टाकून मोकळाही झाला होता, दोनशे लाइक. आता तो काय बोलणार?

त्या रात्री मॉम्लुहबद्दल वाचत बसले आणि जास्तच चडफडले. पृथ्वीच्या इतिहासातला सध्याचा जो कालखंड, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला, त्याला २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी ‘मेघालयन’ हे अधिकृत नाव दिलं. कशावरून? याच मॉम्लुह गुहेतल्या एका लवणस्तंभावरून. त्याच्या थरांमध्ये तेव्हाच्या मोठ्या दुष्काळाची नोंद सापडली. म्हणजे जगभरच्या भूशास्त्राच्या तक्त्यात जिचा दाखला आहे त्या गुहेत आम्ही अडीच तास होतो आणि तिचं नावही आम्हाला कोणी सांगितलं नाही. पायरी आंबा गोडच असतो हो, पण पेटीवर हापूस लिहून विकला तर पायरीचाही अपमानच. मॉम्लुह म्हणून सांगितलं असतं तर मी आनंदाने पैसे मोजले असते. साडेपाच हजारांतला माझा वाटा, वर बॅटऱ्यांचे.

विम्याचं विचारायला नकोच. परत आल्यावर पॉलिसीचा नंबर मागितला, आजतागायत आलेला नाही. यातलीच गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. खरी लियात प्राह ही हौशी पर्यटकांनी पोस्टर बघून जायची जागाच नाही. दोराची, नकाशाची, आतल्या पाण्याची माहिती असलेल्या लोकांबरोबर जायची ती जागा. आणि पावसाळ्यात मेघालयातल्या अशा गुहा बघता बघता भरतात. मॉम्लुहसारख्या ठिकाणीसुद्धा अकरा माणसं, चार बंद दिवे आणि एकही जादा बॅटरी नाही, हे कोणाच्या तरी जिवावर बेतलं असतं.

तेव्हा कोणी गुहेत नेतो म्हणाला तर गुहेचं नाव आणि गाव दोन्ही लिहून मागा, आणि आत नेणाऱ्या स्थानिक माणसाचा नंबर आयोजकाला वगळून, आधीच. त्याच्याशी स्वतः बोला. हिंदीत काम भागतं. गाडी निघाली की मोबाइलवर नकाशा उघडा ठेवा. माणशी दोन दिवे हवेत, ते बाहेर पेटवून बघा. पैसे फर्मच्या खात्यात, बिल आधी. शिलाँगच्या बाजारातून सोहराला शेअर सुमो जातात, तिथे गावातच वाटाडे मिळतात, हे मला कळायला ७१,५०० लागले.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंदवली. आयोजकाने प्रत्येकी हजार रुपये ‘गुडविल’ म्हणून देऊ केले, सातजणांनी घेतले. मी आणि तिघींनी घेतले नाहीत. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, ती पत्त्यावर कोणी राहत नाही म्हणून परत आली. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला फी लागत नाही, त्यामुळे शिलाँगला खेपा घालायला नकोत.

अडचण पुराव्याची आहे. व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या फोटोतून ठिकाणाची नोंद निघून जाते, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी ग्रुपवर टाकले म्हणून मूळ फोटो फोनमधून काढून टाकले. ठिकाणासकट शाबूत राहिलेला एकच फोटो सापडला. गुहेच्या तोंडाशी आमच्यातल्या एक काकू वाकून बुटाची नाडी बांधताहेत, चेहरा दिसत नाही, मागे हेल्मेटांचा ढीग. मी चुकून काढलेला. पुरावा क्रमांक चार म्हणून तो तक्रारीला जोडलाय.